दुसऱ्यांच्या फ्रिजमधली फळं

माझे थोरले काका फ्रिज दुरुस्त करायचे, त्यामुळे इतरांना उन्हाळ्याची सुट्टी असते तशी त्यांना हिवाळ्याची असायची. थंडीत फ्रिज बिघडला तरी लोक दूध खिडकीत ठेवून भागवतात. त्या दिवसांत काका घरी बसून जुने स्क्रू एका डब्यातून दुसऱ्या डब्यात निवडत आणि काकू त्यांच्यावर वैतागत असे. पण एकदा ऊन तापलं की काका दिसेनासे व्हायचे. सकाळी हत्यारांची चामडी पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडायचे ते दिवेलागणीलाच परत. आम्ही मुलं त्यांना ‘गार काका’ म्हणायचो. एक तर धंदा तसला, आणि दुसरं म्हणजे स्वभाव. त्यांना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. काकू म्हणायची, “यांच्या डोक्यात मेंदू नाही, बर्फाचा ट्रे आहे.”

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर काका-काकू, आणि त्यांच्या दारासमोरून वर जाणारा लोखंडी जिना गच्चीवर. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मी अर्धी त्यांचीच होते. जेवायला खाली आणि लाड करून घ्यायला वर. त्यांच्या दाराशेजारी फोन होता आणि त्याच्याखाली दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आणि वही. फोन घ्यायचं काम काकूचं. ती पत्ता, मजला आणि तक्रार लिहून घ्यायची: ‘पाणी गळतं’, ‘आवाज करतो’, ‘आवाजच करत नाही’. एकदा तिने नुसतं ‘बाई रडतात’ एवढंच लिहिलं होतं. काका आधी तिथेच गेले.

मी नऊ वर्षांची असताना, एका शनिवारी संध्याकाळी, काका जिना चढताना दोनदा थांबलेले ऐकू आले. मी दार उघडून पाहिलं. दोन्ही हातांत थैल्या, काखेत कलिंगड, गळ्यात हत्यारांची पिशवी आणि दातांत एका पुडक्याचा दोरा. मी पुडकं सोडवून घेतलं आणि त्यांच्या मागोमाग वर गेले.

“बाजार लुटून आलात का?” काकूने दारातच विचारलं.

“शिवणकामवाल्या बाईंचा कॉम्प्रेसर बसलाय. नवीन यायला चार दिवस लागतील, आणि ते सगळे उद्या पहाटे गावाला निघालेत. म्हणाल्या, भाऊ, फेकवत नाही हो, घेऊन जा.”

“आणि मी हे ठेवू कुठे? डोक्यावर?”

कारण काकूचा स्वतःचा फ्रिज गुरुवारपासून बंद होता. एका घरी तान्ह्या बाळाचं औषध फ्रिजमध्ये होतं आणि त्यांच्या फ्रिजचा रिले, म्हणजे कॉम्प्रेसर चालू करणारा छोटा भाग, जळाला होता. दुकानं बंद. काकांनी घरी येऊन आपल्या फ्रिजचा रिले काढला आणि तिकडे नेऊन बसवला. काकूला त्यांनी शनिवारी नवीन आणतो असं सांगितलं होतं.

“आज शनिवार आहे,” काकू म्हणाली. “फ्रिजवाल्याची बायको मी, आणि दूध दिवसातून तीनदा उकळतेय. लोक हसतील मला.”

 काकांनी थैल्या उघडून जमिनीवर फळं मांडली. कलिंगड, एक पिकलेलं खरबूज, अननस, द्राक्षांचे दोन मोठे घड, संत्री, केळी, थोड्या दबलेल्या स्ट्रॉबेरी, आणि पुडक्यात क्रीमचा डबा आणि चॉकलेटची जाड वडी. 

“मग आजच संपवू,” ते म्हणाले. “सगळ्यांना वर बोलाव.”

“कुठल्या सगळ्यांना?”

“जे घरी असतील त्यांना.”

एवढं सगळं मावेल असं ताट घरात नव्हतं. काकांनी आपला बंद फ्रिज उघडला, त्यातली सगळ्यात खालची काच बाहेर ओढली, म्हणजे तो स्टीलची कड असलेला जाड काचेचा कप्पा, आणि साबणाने दोनदा घासून पुसली. मला कोपऱ्यावरच्या सोडावाल्याकडे बर्फ आणायला पिटाळलं. बर्फ फोडून त्यांनी तो कपडे धुवायच्या चौकोनी टबात भरला आणि टबावर ती काच आडवी ठेवली. खाली बर्फ, वर काच, काचेवर फळं. फळांना पाणी लागणार नाही, पण गारवा लागेल.

मग ते कापायला बसले. तसं कापताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. कलिंगडाचे पातळ त्रिकोण, पण साल तशीच ठेवलेली, म्हणजे धरायला काटा-चमचा नको. खरबुजाच्या होड्या. अननसाचे डोळे एकेक काढून त्याच्या लांब फोडी. द्राक्षांचे घड कात्रीने कापून चार-चारचे झुबके. “माणूस घडातून एकेक द्राक्ष तोडत बसला की मागचा खोळंबतो,” ते मला म्हणाले. स्ट्रॉबेरी त्यांनी अगदी शेवटी धुतल्या आणि प्रत्येक फोड घेताना वास घेऊन पाहिला. खरबुजाच्या एका बाजूला कांद्याचा वास लागला होता. तेवढा भाग त्यांनी बाजूला टाकला.

“शिवणकामवाल्या बाई कांदा उघडा ठेवतात,” मी म्हणाले.

“ते आपण बोलायचं नाही,” काका म्हणाले. “दुसऱ्याचा फ्रिज म्हणजे दुसऱ्याचं पत्र. उघडावं लागलं तरी वाचायचं नाही.”

काकू तिकडे क्रीम फेटत होती. पातेलं बर्फात ठेवून, हाताने, दात-ओठ खात. रागात असल्यामुळे ते फार लवकर घट्ट झालं. ते एका वाटीत काढलं, आणि चॉकलेट गरम पाण्यावर वितळवून दुसऱ्या वाटीत ओतलं. दोन्ही वाट्या काचेच्या मधोमध ठेवल्या आणि भोवती फळं मांडली. आंबटाशेजारी गोड, लालाशेजारी पांढरं. केळी शेवटच्या क्षणी कापून त्यांवर लिंबू पिळलं.

माझे वडील आणि काकांनी मिळून टब गच्चीवर नेला. तळमजल्यावरचे न्हावी आणि त्यांची बायको आली, पहिल्या मजल्यावरची नर्स ड्युटीवरून आली तशीच, गणवेशातच बसली. आमच्या इमारतीत लोक एकमेकांशी जिन्यापुरतं बोलत. त्या दिवशी सगळे एकाच ताटाभोवती मांडी घालून बसले आणि न्हाव्यांनी चॉकलेटमध्ये कलिंगड बुडवल्यावर त्यांची बायको इतकी हसली, की ती हसू शकते हे आम्हाला तेव्हाच कळलं. काकू सगळ्यात शेवटी बसली. दोन द्राक्षं खाऊन म्हणाली, “रिले सोमवारी आला नाही, तर मी माहेरी जाईन.” तो सोमवारी आला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात हे सुरूच झालं. फ्रिज दुरुस्त करायचा म्हणजे आधी तो रिकामा करावा लागतो, आणि बायका आतलं सगळं ओट्यावर मांडून हताशपणे बघत उभ्या राहतात. काकांचं काम झालं की जे टिकणार नाही ते त्यांच्या थैलीत पडे. आठवडाभर तुरळक, शनिवारी भरपूर. गच्चीवर ताट मांडल्यावर काका बोटाने दाखवत सांगायचे, “हा अननस डॉक्टरीणबाईंचा, थर्मोस्टॅट गेला होता. ही संत्री बँकेतल्या बाईंची, नुसतं दाराचं रबर सैल झालं होतं.” आम्हाला त्या बायका माहीत नव्हत्या, पण त्यांच्या फ्रिजची प्रकृती तोंडपाठ होती. मी शाळेत एका मुलीला ‘तुमच्या फ्रिजचा गॅस आता कसा आहे?’ असं विचारलं होतं, आणि तिने ते घरी सांगितल्यावर काकांनी मला पहिल्यांदा आणि शेवटचं दटावलं.

एका वर्षी ते आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त मास्तरांकडे गेले होते. तिथून ते रिकाम्या हाताने आले. काकूने खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “रिकामा करावाच लागला नाही. आत डोळ्यांच्या औषधाची बाटली होती आणि अर्धं लिंबू.” एवढं बोलून ते चपापले, कारण त्यांनी स्वतःचाच नियम मोडला होता. त्या शनिवारी ते मास्तरांना हाताला धरून गच्चीवर घेऊन आले. मास्तर फार तिखट बोलायचे. कलिंगडाची फोड उचलून त्यांनी विचारलं, “ही फोड त्रिकोणी आहे असं तुम्ही म्हणता? हिची एक बाजू वाकडी आहे.” काका म्हणाले, “मास्तर, खाल्ल्यावर सरळ होईल.” तेव्हापासून मास्तर दर शनिवारी पहिले येऊन बसत.

वर्षं गेली. मी कॉलेजात गेले. तोवर फ्रिज बदलले होते. आता ते आवाज करत नव्हते, त्यांच्या पोटात हिरव्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या होत्या, आणि बिघडले तर कंपनीचा गणवेशातला माणूस येऊन पट्टी बदलून जाई. नाहीतर लोक जुना देऊन नवा घेत. काकूच्या वहीचं एक पान पूर्वी दोन दिवसांत भरे, आता ते महिनाभर पुरू लागलं. पण काका रोज बाहेर पडत, आणि शनिवारची थैली तशीच भरून येई. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण त्या वयात आपल्यातच असतो.

एका शनिवारी कॉलेजातून लवकर सुटले म्हणून मी मोठ्या बाजारातून चालत येत होते. एका फळवाल्यासमोर काका उभे होते. कलिंगडावर टिचक्या मारत होते.

“हे घ्या, एकदम पहिल्या प्रतीचं,” फळवाला म्हणाला.

“थोडं दबलेलं नाही का? एका बाजूने?” काकांनी विचारलं.

“दबलेलं कशाला? मी तुम्हाला चांगलं देतोय ना.”

“नको, थोडं दबलेलंच द्या,” काका म्हणाले. “घरचं वाटलं पाहिजे.”

मी खांबामागे सरकले. त्यांनी ते दबलेलं कलिंगड घेतलं, पाच संत्री वेगवेगळ्या ढिगांतून निवडली आणि द्राक्षांच्या घडातली थोडी तोडून तिथेच खाल्ली, म्हणजे घड अर्धा दिसेल. मला आधी हसू आलं. मग मी मागच्या रस्त्याने घरी गेले.

संध्याकाळी ताट मांडल्यावर ते नेहमीसारखेच म्हणाले, “हे कलिंगड बँकेतल्या बाईंचं. मागची जाळी धुळीने भरली होती.” मी काकूकडे पाहिलं. ती खाली बघून केळ्यावर लिंबू पिळत होती, आणि त्याच फोडीवर तिसऱ्यांदा पिळत होती.

नंतर भांडी धुताना ती मला म्हणाली, “तुला कळलंय ना? तुझं तोंड बघून कळलं मला.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“अगं, फोन मीच घेते. सबंध आठवड्यात एक फोन, आणि थैलीत पाच घरांची फळं?” तिने काच उभी करून पुसली. “त्यांना बोलू नकोस. दिवसभर कुठे कुठे फिरत असतील देव जाणे. एवढं एक आहे, ते राहू दे.”

पण ते आणखी एका माणसाला कळलं होतं. पुढच्या आठवड्यात मी मास्तरांना त्यांचं पुस्तक परत द्यायला गेले, तर त्यांनी मला बसवलं आणि शाळेत विचारतात तसं विचारलं, “गेल्या तीन शनिवारची द्राक्षं आठवतात? देठ कसे होते?”

“हिरवे,” मी म्हणाले.

“फ्रिजमध्ये चार दिवस राहिलेल्या द्राक्षाचा देठ हिरवा असतो?”

मी त्यांचं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांना उत्तर मिळालं. ते काठी टेकत स्वयंपाकघरात गेले आणि मला हाक मारली. त्यांचा फ्रिज उघडा होता. आत एक मोठं खरबूज, क्रीमचा डबा आणि आलुबुखारांची पिशवी होती.

“मागचा प्लग काढ,” ते म्हणाले. “मला वाकवत नाही.”

“मास्तर, त्यांना लगेच कळेल.”

“त्यांना कळेलच. तू काढ.”

मी वाकून प्लग काढला. मास्तरांनी फोन लावला आणि काकूला अगदी गंभीर आवाजात सांगितलं की फ्रिज थंड होत नाही, फळं खराब होतील, भाऊंना ताबडतोब पाठवा. फोन ठेवताना ते मला म्हणाले, “मी एकटाच नाही. नर्सबाईंनी सकाळी केला. डॉक्टरीणबाई दुपारी करणार आहेत. न्हाव्याला मी सांगितलं होतं, पण त्याला खोटं बोलता येत नाही, तो घाबरलाय.”

अर्ध्या तासात काका आले. किती दिवसांनी त्यांच्या पिशवीतल्या हत्यारांचा तसा घाईघाईचा आवाज मी ऐकला! त्यांनी मला पाहून मान हलवली, फ्रिजच्या बाजूला तळहात ठेवला, मग कान लावला. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. त्यांनी दार उघडून दिवा लागत नाही हे पाहिलं, मग भिंतीकडे वाकून मागे बघितलं. प्लग जमिनीवर पडला होता. ते तसेच वाकून राहिले. फारच वेळ राहिले. मला वाटलं, आता पहिल्यांदा हे रागावणार.

“कॉम्प्रेसर दमला होता,” शेवटी ते म्हणाले. त्यांनी प्लग लावला. फ्रिज घुरघुरला. “थोडी विश्रांती दिलीत ते बरं केलंत.”

“फळांचं काय?” मास्तरांनी विचारलं. “ती आता टिकायची नाहीत.”

“नाही टिकायची,” काका म्हणाले, आणि थैली पुढे केली.

आम्ही दोघं एकत्र बाहेर पडलो. कोपऱ्यावर ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, थैली मांडीवर घेऊन.

“आज किती घरी ठरलं होतं?” त्यांनी विचारलं.

“चार. पण न्हावीकाका घाबरले.”

“नर्सबाईंकडे मला कळलंच नाही,” ते म्हणाले. “थर्मोस्टॅटची खुंटी कुणीतरी शून्यावर फिरवून ठेवली होती. मी म्हटलं, चुकून झालं असेल. मी किती आनंदात बाहेर पडलो तिथून! जिन्यात शीळ घातली.” ते हसायला लागले, आणि हसता हसताच त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. “तुझ्या काकूला माहीत आहे?”

“पहिल्यापासून.”

“आणि लिंबू पिळत बसते,” ते म्हणाले. “काय बाई आहे.”

त्या शनिवारी गच्चीवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. जिचे अननस आम्ही दहा वर्षं खाल्ले, ती ही ठेंगणीशी, मोठ्याने बोलणारी बाई. काकांनी ताट मांडलं. सगळे नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते. काकांनी बोट खरबुजावर ठेवलं.

“हे मास्तरांचं,” ते म्हणाले. “फ्रिज ठणठणीत आहे. हे आलुबुखार पण मास्तरांचेच. हा अननस डॉक्टरीणबाईंचा, त्यांचाही ठणठणीत. आणि मागच्या महिन्यातलं सगळं बाजारातलं होतं. मीच घेतलं होतं.”

 मग न्हावी एकदम म्हणाले, “मला खोटं बोलायला जमत नाही हो, पण मी केळी आणली आहेत,” आणि त्यांनी पाठीमागे लपवलेला घड पुढे केला. सगळी गच्ची हसली. मास्तरांनी त्यांना सांगितलं की तुम्ही नापास झालात, पण केळी आत घ्या.

तेव्हापासून फ्रिज बिघडायची गरज उरली नाही. ज्याच्याकडे जे असेल ते तो आणायचा, आणि काका कापायचे. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने त्यांना त्याच वर्षी शीतगृहात काम मिळालं, भाज्या आणि फळं साठवतात तिथली यंत्रं सांभाळायचं. भर उन्हाळ्यात ते जाड कोट हातावर टाकून कामाला निघत आणि रस्त्यातले लोक वळून बघत. तिथे त्यांनी अकरा वर्षं काढली. निवृत्त झाले तेव्हा काकूने दाराशेजारची वही उघडली, उरलेल्या कोऱ्या पानांवर कुणाला कुठलं फळ चालत नाही त्याची यादी केली, आणि ती गच्चीच्या दाराला टांगली.

मास्तर गेले. नर्सबाई मुलीकडे राहायला गेल्या. माझं लग्न होऊन मी दुसऱ्या गावी गेले, पण उन्हाळ्यात एक शनिवार तरी यायचेच. काकांचे गुडघे गेले तसं वर जाणं अवघड झालं. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना खुर्चीत बसवून लोखंडी जिन्याने वर न्यायचं ठरवलं. चार जणांनी खुर्ची उचलली आणि वळणावर ती जरा मागे कलंडली.

“उभा धरा! फ्रिज नेतात तसा उभाच न्या!” काका ओरडले. “आडवा केलात तर कॉम्प्रेसरचं तेल वर नळीत चढेल!”

उचलणाऱ्यांचे हसून हात सुटायची वेळ आली. काकू खालून ओरडत होती की हसू नका, पडेल तो माणूस.

वर ताट मी मांडलं होतं. कलिंगडाचे त्रिकोण जाड झाले होते, आणि काकांनी ते पाहिलं. त्यांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि विचारलं, “ही कुणाची?”

पहिल्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली तरुण बाई पुढे झाली. “माझी, काका. का, चांगली नाहीत का?”

“चांगली आहेत. जरा मऊ आहेत.” त्यांनी दुसरं द्राक्ष घेतलं. “फ्रिज भिंतीला अगदी चिकटून लावलाय का?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“चार बोटं पुढे ओढा. त्याला मागे श्वास घ्यायला जागा लागते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर चहा पीत बसले होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावर काहीतरी जड जमिनीवरून सरकवल्याचा आवाज आला. तो थांबला, आणि मग पुन्हा थोडा आला. वरून काकांचा आवाज ऐकू आला. ते काकूला विचारत होते, “चार बोटं झाली असतील का गं?”